चकतीवरच्या दोन खाचा

डॉ. माधव खरवंडीकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा उजवा डोळा रुमालाने बांधलेला होता आणि डाव्यातून पाणी वाहत होते. त्यामुळे ते प्रथमदर्शनी कसे दिसले हे मला सांगता येणार नाही. कसे बोलले ते मात्र सांगता येईल. बोईसरच्या कारखान्यात ग्राइंडिंग करताना पोलादाचा एक कण माझ्या डोळ्यात उडाला होता आणि दोघा सहकाऱ्यांनी मला टेम्पोत बसवून पालघरच्या नेत्ररुग्णालयात आणले होते. गॉगल का घातला नाही म्हणून डॉक्टर ओरडतील, अशा समजुतीने मी वाटेतच उत्तर तयार करून ठेवले होते. त्याची गरज पडली नाही. कण काढून झाल्यावर तो भिंगाखाली धरून डॉक्टर म्हणाले, "जगदाळे, हा कण एका बाजूने निळा आहे, दुसऱ्या बाजूने नाही. असं का?"

डोळ्यावर पट्टी असतानाच मी त्यांना पोलाद तापले की त्याचा रंग कसा बदलत जातो ते समजावून सांगितले. बाहेर पेशंटांची रांग लागली होती आणि फिलोमिना सिस्टर दोनदा दारात येऊन घसा खाकरून गेल्या. डॉक्टरांनी मला सोडले ते 'एकदा तुमचं मशीन बघायला येतो' असे सांगून. मोठी माणसे असे म्हणतात आणि विसरून जातात, हा माझा अनुभव. पण पुढच्याच आठवड्यात ते स्कूटरवरून कारखान्याच्या गेटवर हजर झाले आणि वॉचमन आत सोडेना म्हणून त्याच्याच डोळ्यांची तपासणी करू लागले.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीचे पत्र आले तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे असे मला वाटले. मी कोरेगावकडचा, तारापूरची औद्योगिक वसाहत भरू लागली त्या काळात इकडे पोटासाठी आलेला टर्नर. लेथवर हात चालतो, कागदावर अडतो. डॉक्टरांच्या विद्वत्तेवर लिहायला त्यांचे विद्यार्थी आहेत, सहकारी डॉक्टर आहेत. पण एक हकिकत अशी आहे की ती माझ्यावाचून कोणाला लिहिता येणार नाही आणि डॉक्टरांना विचारले तर ते लिहू देणार नाहीत. म्हणून मी त्यांना विचारलेले नाही. समितीनेही हा लेख छापून होईपर्यंत त्यांच्या हाती लागू देऊ नये, ही विनंती.

आधी त्यांच्या स्वभावाबद्दल. डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचे व्यसन आहे. आमच्या डोळ्यांतून निघालेले लोखंडाचे कण ते काचेच्या पट्ट्यांवर चिकटवून, खाली नाव लिहून जपून ठेवत. एक दिवस ती पेटी आणि एक भिंग घेऊन ते आमच्या कँटीनमध्ये आले आणि ज्याचा त्याला आपापला कण दाखवू लागले. गोरखपूरकडचा एक वेल्डर भिंगातून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "साहब, ये तो भाला है." त्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याने सहा महिने पाट्या लावल्या होत्या, दंडाची धमकी दिली होती, गॉगल मात्र खिळ्यांनाच लटकत होते. त्या दिवसानंतर ते नाकावर आले.

दुसरा प्रसंग दांडी गावचा. तिथे नेत्रतपासणीचे शिबिर होते आणि यंत्र बिघडले तर हाताशी असावा म्हणून मला नेले होते. शिबिर आटोपल्यावर सरपंचांकडे जेवण वाढून तयार होते आणि डॉक्टर गायब. शोधत गेलो तर ते किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीखाली उकिडवे बसलेले. होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला ते विचारत होते, पाणी बाहेरून दाब देते म्हणून कापूस बाहेरून भरता, मग पाणी आतून दाब देत असते तर काय केले असते? मिस्त्री म्हणाला की पाणी आतून दाबायला लागले तर ती होडी नसून पिंप झाले. डॉक्टर इतके खूश झाले की जेवण थंड झाल्याचे त्यांच्या गावीही नव्हते. तो प्रश्न त्यांनी गंमत म्हणून विचारला असेल असे मला वाटले होते. तसे नव्हते.

एव्हाना मी त्यांच्या रुग्णालयाचा बिनपगारी मिस्त्री झालो होतो. चिमट्याचे टोक वाकडे झाले, कात्रीची धार गेली, की निरोप येई. डोळ्याची हत्यारे म्हणजे केसाएवढे काम. ते नीट उतरले की मला चार दिवस कोणाशी भांडावेसे वाटत नसे. माझा स्वभाव तापट. टूलरूममध्ये फोरमनचे ड्रॉइंग अपुरे असले, एखादे माप लिहायचे राहिले, की मी ते लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवत असे. 'जगदाळेकडे कागद गेला की नापास होऊन येतो' अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता.

आता मूळ हकिकत.

सातपाटीच्या चांगुणाबाई तांडेल यांना डॉक्टरांकडे आणले तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. उजव्यावर सगळी भिस्त. त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि नंतर त्याचा कॉर्निया, म्हणजे काळ्या बुबुळावरची ती पारदर्शक काच, सुजून पांढरी झाली. मुंबईला जाऊन नेत्रदानातला कॉर्निया बसवला. काही महिने दिसले आणि तोही सुजला. पुन्हा एकदा बसवला, पुन्हा तेच. सुजेमुळे डोळ्यावर पाण्याचे बारीक फोड येत आणि फुटत. फुटले की डोळ्यात वाळू भरल्यासारख्या वेदना होत आणि बाई भिंतीला डोके टेकवून बसून राहत. उजेड आणि अंधार एवढेच कळे. सून हाताला धरून बाजारात नेई, पाटीपुढे बसवी. गिऱ्हाईक तोंडाला येईल ते सांगे आणि ह्यांना मान्य करावे लागे. तीस वर्षे मासळी विकलेली ही बाई. डॉक्टरांनी तुम्हाला काय हवे असे विचारले तेव्हा त्यांनी दृष्टी हवी असे म्हटलेच नाही.

"माझं म्हावरं मला बघून घ्यायचं हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या डोल्यानं नाय."

तिसरे रोपण केले तरी तेच होणार हे डॉक्टरांना दिसत होते. त्यांनी चांगुणाबाईंना समोर बसवून सगळे सांगितले आणि मी तिथे एक चिमटा परत द्यायला गेलेलो असल्यामुळे तो पाठ मलाही मिळाला. डोळ्याच्या आत पाणी असते. कॉर्नियाच्या आतल्या अंगाला पेशींचा एक पातळ थर असतो आणि तो आत झिरपणारे पाणी सतत उपसून बाहेर टाकतो. होडीत पाणी उपसायला बसवलेल्या माणसासारखा. त्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग कॉर्निया पाणी पिऊन फुगतो. रोपण केले की उपसणारी नवी माणसे येतात, पण चांगुणाबाईंच्या डोळ्यात तीही दोनदा मेली होती. डॉक्टरांच्या मुंबईच्या गुरूंनी काही रुग्णांवर वेगळा उपाय करून पाहिला होता. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला मऊ, पारदर्शक कृत्रिम पदार्थाची पातळ चकती बसवायची. ती पाण्याला अडवते. आधी शिरलेले पाणी वरून सुकत जाते.

चांगुणाबाईंनी मान हलवली. "म्हंजे उपसनारी मानसं गेली, आता भोकच बुजवायचं. मंग ह्ये आदीच का नाय केलं?"

डॉक्टर हसले, पण उत्तर त्यांनी गंभीरपणे दिले. ज्या पाण्याने कॉर्निया सुजतो त्याच पाण्यावर तो जगतो. सगळे बंद केले तर उपाशी मरेल. म्हणून चकती लहान ठेवायची, कडेने थोडे पोषण मिळू द्यायचे. हे किती वर्षे टिकेल ते माहीत नाही. फार थोड्या ठिकाणी हे झाले आहे आणि मी स्वतः एकदाही केलेले नाही. आज उजेड कळतो तोही कदाचित जाईल. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले आणि घरी जाऊन विचार करायला लावले. आठ दिवसांनी बाई परत आल्या. नारळी पुनवेला होड्या समुद्रात जातील, त्याच्या आधी काय करायचे ते करा, एवढेच म्हणाल्या.

डॉक्टर मुंबईला जाऊन गुरूंच्या हाताखाली शिकून आले. पालघरच्या खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणून त्यांनी महिनाभर सराव केला. चकती मात्र तयार मिळत नव्हती. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ज्या पदार्थाच्या करतात त्याच्या गोळ्या गुरूंनी दिल्या आणि घडवणारा तुम्ही शोधा म्हणून सांगितले. तो डॉक्टरांच्या घरचाच होता, मी.

काय अजब पदार्थ होता तो! सुका असताना काचेसारखा कडक, लेथवर सुरेख कातला जाणारा. मिठाच्या पाण्यात ठेवला की तासाभरात मऊ होऊन आकाराने वाढणारा. किती वाढतो ते काढण्यासाठी डॉक्टर आणि मी दोन रविवार वाट्या मांडून, मापे टिपत बसलो होतो. माझी बायको म्हणाली, साबुदाणा भिजवायला दोन पुरुष लागतात हे आज कळले. शेवटी चकती उतरली ती घड्याळाच्या काचेसारखी, किंचित फुगीर. फुगीर बाजू कॉर्नियाकडे हवी, म्हणजे त्याच्या आतल्या गोलाईत ती चपखल बसते. पण भिजल्यावर ती इतकी नितळ होई की कोणती बाजू फुगीर आणि कोणती पोकळ ते सूक्ष्मदर्शकातूनही कळेना. म्हणून कडेवर शेजारी शेजारी दोन खाचा पाडायचे ठरले, एक मोठी आणि एक लहान. खाचा आपल्याकडे करून पाहिले आणि मोठी डावीकडे दिसली, की फुगीर बाजू वर आहे असे समजायचे, हे डॉक्टरांच्या मनात होते. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर एक वर्तुळ काढून त्यावर दोन खाचा दाखवल्या आणि कागद मला दिला.

त्या कागदावर बाजू लिहिलेली नव्हती. डॉक्टर नेहमी डोळ्याकडे समोरून बघतात, म्हणून त्यांनी फुगीर बाजू समोर धरून चित्र काढले. मी खाचा पाडताना चकती लेथवर धरत असे तेव्हा तिची पोकळ बाजू माझ्याकडे असे. मी त्या बाजूने मोठी खाच डावीकडे पाडली. कागद उचलून समोर धरा आणि मागून उजेडात बघा, डावे उजवे होते. हे तिसरीतल्या पोरालाही कळते. फोरमनकडून असले ड्रॉइंग आले असते तर मी लाल गोल करून तोंडावर परत पाठवले असते. पण हे डॉक्टरांनी काढलेले होते. त्यांना काय विचारायचे, असे मला वाटले.

ऑपरेशन आषाढात झाले. डॉक्टरांनी खाचा बघितल्या, मोठी डावीकडे होती, चकती बसवली. ती वर टेकून राहावी म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि तीन दिवस छताकडे तोंड करून उताणे पडून राहायला सांगितले. चांगुणाबाई फिलोमिना सिस्टरांना म्हणाल्या की जन्मात कधी दिवसा पाठ टेकली नाही, आता ह्या बुडबुड्यापायी टेकतेय. पण हलल्या नाहीत. जेवणसुद्धा तसेच केले.

चौथ्या दिवशी दुपारी टाइमकीपरच्या फोनवर मला निरोप आला. मी गेलो तेव्हा चांगुणाबाई तपासणीच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसल्या होत्या. हे यंत्र डोळ्यावर उजेडाची एक बारीक चीर टाकते आणि त्यात आतले थर बाजूने कापल्यासारखे दिसतात. डॉक्टरांनी मला काही न सांगता डोळा लावायला सांगितले. कॉर्नियाची कमान पुढे फुगलेली दिसत होती. तिच्यामागे चकतीची रेघ होती आणि तिची कमान उलट्या बाजूला होती. कड टेकलेली, मध्ये फट, फटीत पाणी. कॉर्निया होता तसाच सुजलेला. मला क्षणात सगळे समजले.

सिस्टरांनी बाईंच्या डोळ्यावर पुन्हा पट्टी बांधून त्यांना पडद्यापलीकडच्या कॉटवर नेले. मी डॉक्टरांना हळू आवाजात म्हणालो, "खाचा मी माझ्या बाजूनं पाडल्या. पोकळ बाजूनं."

त्यांनी यंत्राचा दिवा मालवला. मग म्हणाले, "आणि मी माझ्या बाजूनं काढल्या होत्या." एवढे बोलून ते पडदा सारून आत गेले. मी मागून गेलो ते कबुली द्यायलाच. पण त्यांनी एक हात मागे करून माझे मनगट घट्ट धरले आणि चांगुणाबाईंना सांगितले, "चकती उलटी बसली आहे. ती मी बसवली. चूक माझी आहे."

रुग्णालयाच्या नोंदीतही त्यांनी तेच लिहिले, आजही तसेच लिहिलेले आहे. माझ्या नावाचा त्यात उल्लेख नाही.

चांगुणाबाईंनी विचारले, उलटी बसली तर सुलटी होते का? डॉक्टरांनी सांगितले की ही काढताना खराब होईल, नवी बसवावी लागेल. डोळा पुन्हा उघडावा लागेल आणि प्रत्येक वेळी धोका वाढतो. नवी चकती आपण मुंबईहून करवून आणू. बाईंनी पट्टीखालूनच छताकडे तोंड केले. मग म्हणाल्या, "करा. पन चकती ज्यानं ही केली त्यालाच करू द्या."

मला वाटले, बिचारीला काय माहीत! मी तिथून निघालो आणि हत्यारांची पेटी सिस्टरांच्या टेबलावर ठेवून दिली. पुन्हा डोळ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असे ठरवून टाकले. एका बाईचा उरलासुरला उजेड माझ्या न विचारण्यापायी जाणार होता, मग कसले मायक्रोमीटर आणि कसली ख्याती.

दोन दिवसांनी संध्याकाळी डॉक्टर आमच्या वसाहतीतल्या खोलीवर आले. हातात माझी पेटी होती. ती कोपऱ्यात ठेवून ते पाटावर बसले, बायकोने वाढलेली भाकरी आणि झुणका त्यांनी मागून मागून खाल्ला, आणि भाकरी तव्यावर फुगत नाही ती निखाऱ्यावर का फुगते यावर तिच्याशी चर्चा केली. माझ्याशी बोलले ते निघताना, दारात चपला घालता घालता.

"तुम्ही फोरमनचं ड्रॉइंग परत पाठवता. माझं का नाही पाठवलंत?"

"तुम्ही डॉक्टर," मी म्हणालो.

"तिथंच घोळ झाला," ते म्हणाले. "उद्या नवं ड्रॉइंग देतो. परत आलं नाही तर मी काळजीत पडेन."

मी ते तीनदा परत पाठवले. तिन्ही वेळा लाल गोलासकट. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात एक लहानसा डोळा काढला आणि त्यातून चकतीकडे बाण नेला. या बाजूने पाहा. त्या दिवसापासून त्यांच्या रुग्णालयातल्या प्रत्येक चित्रावर तसा डोळा असतो. नव्याने येणारे डॉक्टर त्याला सजावट समजतात. ती सजावट नाही.

दुसऱ्या ऑपरेशनला मला आत उभे केले होते, तोंडाला फडके बांधून. डॉक्टरांनी चकती बसवण्याआधी माझ्याकडे न बघता विचारले, मोठी खाच कुठे? मी सांगितले. कुठल्या बाजूने बघून सांगताय? तेही सांगितले. त्यांच्या हाताखालचे लोक एका टर्नरला परीक्षेला बसवल्यासारखे चाललेले हे बघून चकित झाले होते. मला मात्र घाम फुटला होता आणि त्याच वेळी फार मोठा मान मिळाल्यासारखे वाटत होते.

सूज एका दिवसात उतरली नाही. आधी फोड यायचे थांबले. चांगुणाबाई पहिल्यांदा रात्रभर झोपल्या याचेच सुनेला नवल वाटले. मग खिडकीची चौकट दिसू लागली, मग बोटे मोजता आली. नारळी पुनव तोवर होऊन गेली होती. पुढे काही आठवड्यांनी डॉक्टर मला स्कूटरवर मागे बसवून सातपाटीला घेऊन गेले. बाजारात चांगुणाबाई एकट्या, पाटीपुढे पदर खोचून बसलेल्या. सून जवळपास कुठे नव्हती. डॉक्टरांनी शेजारच्या पाटीतून एक पापलेट उचलून, हा कसा आहे, म्हणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन उजव्या डोळ्याजवळ नेला, कल्ला उचलून पाहिला.

"कालचा हाय, डाक्तर," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसत नाय का?"

शेजारच्या बाईने जे काही ऐकवले ते या ग्रंथात लिहिण्याजोगे नाही. डॉक्टर परतीच्या वाटेवर मनोरचा फाटा येईपर्यंत हसत होते. आपण रस्ता चुकून भलतीकडे आलो हे आम्हा दोघांच्याही तिथे पोचल्यावर लक्षात आले.

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण डॉक्टर खोटे गोड सहन करत नाहीत. चकतीने चांगुणाबाईंना चार वर्षे चांगली दिली. मग कॉर्निया मध्यभागी पातळ होऊ लागला, ज्याची भीती डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवली होती. त्यांनी वेळीच चकती काढली आणि तिसरे रोपण केले. तोवर औषधे सुधारली होती; ते रोपण आजवर टिकले आहे. आणखी दोघांना आम्ही चकत्या बसवल्या. एकाला फारसा फायदा झाला नाही, दुसऱ्याची दृष्टी आली नाही पण वेदना गेल्या. त्यानंतर डॉक्टरांनी तो मार्ग थांबवला आणि का थांबवला ते डॉक्टरांच्या सभेत उभे राहून सांगितले. उरलेल्या चकत्या त्यांच्या टेबलावर एका बाटलीत मिठाच्या पाण्यात आहेत. कधीतरी कोणीतरी याहून चांगली चकती करेल, असे ते म्हणतात, आणि ती कशाची असेल याचा विचार करताना त्यांची तंद्री लागते. साठीच्या उंबऱ्यावरही त्यांना त्यातले अपयश बोचण्यापेक्षा त्यातला प्रश्न अधिक खुणावतो. हे मी दुसऱ्या कोणात पाहिले नाही.

गेल्या महिन्यात गौरवसमारंभाचे निमंत्रण द्यायला मी सातपाटीला गेलो होतो. चांगुणाबाई आता थकल्या आहेत, पण पाटी सुनेच्या हाती दिलेली नाही. इतकी वर्षे पोटात ठेवलेले मी त्या दिवशी त्यांच्यापुढे बोललो. मावशी, तेव्हाची चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती.

त्या सुरमई कापत होत्या. कोयता थांबला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "डोला बांदला हुता, कान नाय. तुमी दोगं पडद्याआड बोललात ते समदं आयकलं."

मग माझ्याचकडून पुन्हा का करून घेतली, असे मी विचारले. त्यांनी तेव्हा कुठे वर पाहिले, त्याच उजव्या डोळ्याने.

"ज्याच्या हातनं येकदा दोरी सुटली, तो दुसऱ्या बारीला गाठ दोनदा बघतो. मुंबईवाल्यानं येकदाच बघितली असती."

मी परत आलो आणि हा लेख लिहायला बसलो. रुग्णालयाच्या वहीत त्या दिवसापुढे 'चूक शस्त्रक्रिया करणाऱ्याची' असे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेले आहे. ते मला खोडता येत नाही आणि डॉक्टर खोडणार नाहीत. म्हणून त्याच्याखाली जोडायची माझी ओळ मी या ग्रंथात, सर्वांसमक्ष लिहीत आहे: खाचा मी पाडल्या होत्या, आणि विचारले नव्हते. माझे मनगट त्यांनी धरले नसते तर पुन्हा हत्यार धरायला ते उरले नसते.

डॉक्टर, आपण शंभरी पाहावी. पाहावी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी, नितळ, कोणाच्या हाताला न धरता. मोतीबिंदू व्हायचाच झाला तर आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून उतरावा, आणि टेबलावर पडल्या पडल्या आपण त्याला इतके प्रश्न विचारावेत की त्याने काहीही करण्याआधी दोनदा बघावे. सातपाटीचे ताजे म्हावरे, बोईसरची भाकरी आणि उत्तर न सापडलेला निदान एक प्रश्न आपल्याला रोज मिळत राहो.

या कागदाच्या कोपऱ्यात मी एक लहानसा डोळा काढला आहे. तो छापायला समितीने विसरू नये. मी आपल्याकडे कुठल्या बाजूने पाहिले, ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. खालून वर पाहिले, डॉक्टर. आणि या वेळी दोनदा पाहून घेतले आहे.